लूप सुरू होतो तेव्हा आत आधीच कोण बसलेलं असतं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग खाली लिहून देतोय. बोलताना जिथे अडखळलो होतो ते गाळलंय, बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय ग्राफिकल प्रोग्रामिंग. म्हणजे ओळी टाइप न करता, चित्रं आणि ब्लॉक जोडून केलेला प्रोग्राम. आणि त्यातही एकच प्रश्न घेणार आहोत. लूप सुरू होतो तेव्हा त्याच्या आठवणीत आधीपासून काय असतं? बरेच जण म्हणतील, काही नसतं, शून्य असतं. तिथेच तर गडबड आहे.

आधी थोडी ओळख

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत स्क्रॅच वापरलं असेल. मांजर चालवायची, रंगीत ब्लॉक एकमेकांत अडकवायचे, तेच ते. एमआयटी मीडिया लॅबने ते २००७ मध्ये लोकांसाठी खुलं केलं. पण आज मी मुख्यतः बोलणार आहे लॅबव्ह्यूबद्दल. इंजिनिअरिंग किंवा डिप्लोमाला असाल आणि इन्स्ट्रुमेंटेशनची लॅब केली असेल तर हे नाव कानावरून गेलं असेलच.

लॅबव्ह्यू आलं १९८६ मध्ये, अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरातल्या नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीकडून, आणि सुरुवातीला फक्त मॅकिन्टॉशवर चालायचं. त्याचे जनक म्हणून जेफ कोडोस्की यांचं नाव घेतात. आतल्या भाषेचं नाव आहे फक्त एक अक्षर, ‘जी’. २०२० पासून घरगुती, बिगर-व्यावसायिक वापरासाठी त्याची कम्युनिटी एडिशन फुकट मिळते. म्हणजे आज जे सांगतोय ते तुम्ही रात्री लॅपटॉपवर करून बघू शकता.

लॅबव्ह्यूत प्रोग्राम वरून खाली वाचायचा नसतो. तिथे वायरी असतात. एखाद्या डब्याला लागणारे सगळे इनपुट वायरींमधून पोचले की तो डबा चालतो आणि त्याचं उत्तर पुढच्या वायरीवर टाकतो. नळाचं पाणी जसं पाइपातून पुढे जातं, तसा डेटा वाहतो. याला डेटाफ्लो म्हणतात. प्रोग्रामच्या फाइलला म्हणतात व्हीआय.

आता अडचण बघा. वाहतं पाणी मागे येत नाही. मग लूपच्या दुसऱ्या फेरीला पहिल्या फेरीतलं उत्तर कसं मिळणार? दहा रीडिंगची बेरीज करायची असेल तर आतापर्यंतची बेरीज कुठेतरी धरून ठेवावी लागणार ना? त्यासाठी आहे शिफ्ट रजिस्टर.

शिफ्ट रजिस्टर म्हणजे काय

लूप म्हणजे स्क्रीनवर एक चौकट. चौकटीच्या कडेवर राइट क्लिक करून शिफ्ट रजिस्टर लावलं की दोन छोटे चौकोन दिसतात. उजव्या कडेवर वर तोंड केलेला बाण, डाव्या कडेवर खाली तोंड केलेला बाण. फेरी संपताना उजव्या चौकोनात जे टाकाल, ते पुढच्या फेरीच्या सुरुवातीला डाव्या चौकोनातून बाहेर येतं. लूप संपला की शेवटची व्हॅल्यू उजवीकडून बाहेरच्या वायरीवर जाते. झालं, एवढंच.

आता मुद्द्याचा प्रश्न. पहिल्या फेरीत डावा चौकोन काय देणार? त्याच्या आधी तर कुठली फेरीच नाही.

दोन शक्यता आहेत. एक, तुम्ही लूपच्या बाहेरून त्या डाव्या चौकोनाला वायर जोडलीत, समजा ० चा कॉन्स्टंट लावलात. मग लूप जितक्या वेळा नव्याने सुरू होईल, तितक्या वेळा ० पासून सुरुवात. याला म्हणतात इनिशियलाइझ करणं.

दोन, तुम्ही काहीच जोडलं नाहीत. लॅबव्ह्यू तक्रार करत नाही. रनचा बाण तुटलेला दिसत नाही, एरर येत नाही. व्हीआय मेमरीत आल्यावर पहिल्यांदा चालवलीत की त्या प्रकाराची डिफॉल्ट व्हॅल्यू मिळते. आकड्यासाठी ०, बूलियनसाठी फॉल्स, स्ट्रिंगसाठी रिकामी स्ट्रिंग. पण दुसऱ्यांदा चालवलीत की मागच्या वेळी शेवटी जे उरलं होतं तेच मिळतं. व्हीआय बंद होऊन मेमरीतून जाईपर्यंत ही आठवण तशीच राहते.

करून बघा. फॉर लूप घ्या, फेऱ्या ५. लूपचा फेरी मोजणारा आकडा ० पासून सुरू होतो, तो प्रत्येक फेरीत शिफ्ट रजिस्टरमध्ये मिळवा. ०, १, २, ३, ४. बेरीज १०. डाव्या बाजूला काहीही जोडू नका. पहिला रन, उत्तर १०. दुसरा रन, २०. तिसरा, ३०. प्रोग्राम बदलला नाही, इनपुट बदललं नाही, उत्तर मात्र दर वेळी वेगळं.

इथे चूक लगेच दिसते, कारण २० बघून कोणीही दचकेल. खरा धोका तिथे असतो जिथे चुकीचं उत्तर अगदी बरोबर असल्यासारखं दिसतं.

हिरवी स्क्रीन आणि गळका व्हॉल्व्ह

भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी अधूनमधून जातो. नाव सांगत नाही. तिथे हवेचे व्हॉल्व्ह तपासण्याचं एक टेबल आहे. व्हॉल्व्ह शिकंज्यात धरायचा, हवा सोडायची, सेन्सर दाबाची रीडिंग घेत राहतो. दाब ६ बारला पोचला तर पास, नाहीतर फेल. प्रोग्राम लॅबव्ह्यूत, कोणीतरी पूर्वी बनवून दिलेला. आत एक लूप, लूपवर एक शिफ्ट रजिस्टर. आतापर्यंतचा सर्वात जास्त दाब आणि नवीन रीडिंग, या दोनमधलं मोठं जे असेल ते पुढे पाठवायचं. डाव्या चौकोनाला वायर नाही.

सकाळी प्रोग्राम उघडला. पहिला व्हॉल्व्ह चांगला, दाब गेला ६.१ पर्यंत. पास. मग दुसरा लावला. त्याचं सील नीट बसलेलं नव्हतं. दाब ३.८ च्या वर जाईना. स्क्रीनवर काय आलं? कमाल दाब ६.१, पास, हिरवा दिवा.

टेबलवर काम करणाऱ्या काकांचा कान तयार. तिथे इंटर्नशिपला आलेल्या मुलीला त्यांनी हाक मारली, “अगं पोरी, इकडे ये. हा सूं सूं करतोय आणि मशीन म्हणतंय पास.”

तिने प्रोग्राम बंद केला, परत उघडला, तोच व्हॉल्व्ह परत लावला. आता उत्तर आलं ३.८, फेल. काका म्हणाले, “बघ, बंद करून चालू केलं की सुधारतं. आम्ही रोज तेच करतो.”

आता गंमत अशी की बहुतेक जण इथेच थांबले असते. कॉम्प्युटर आहे, कधीकधी अडकतो, रीस्टार्ट मारला की चालतो. आपण फोनचंही तेच करतो. पण तिने मला फोन करून विचारलं, “दादा, सेन्सर खराब असता तर बंद-चालू केल्यावर का सुधारला असता?”

प्रश्न अगदी बरोबर होता. ‘बंद करून परत उघडलं की पहिलं उत्तर बरोबर येतं’ हे लक्षण दिसलं की पहिला संशय इनिशियलाइझ न केलेल्या आठवणीवर घ्यायचा. सेन्सर त्या बिचाऱ्या व्हॉल्व्हबद्दल खरंच सांगत होता. प्रोग्राम मात्र त्याच्यापुढे बसलेल्या व्हॉल्व्हला आधीच्याचे मार्क देत होता.

तिने एक वायर जोडली. त्या दिवशीचे पास झालेले सगळे व्हॉल्व्ह काकांनी परत टेबलवर घेतले. आधीच्या दिवसांचे मात्र केव्हाच बाहेर गेले होते. एका वायरीची किंमत एवढी असू शकते.

कशापासून सुरुवात करायची

आता तुम्ही म्हणाल, सोपं आहे, सगळीकडे ० जोडून टाकू. थांबा.

बेरजेसाठी ० ठीक आहे. गुणाकार करत जायचा असेल तर ० ने सुरुवात केलीत की शेवटपर्यंत ० च राहणार. तिथे १ लागतो. यादी जमवायची असेल तर रिकामा ॲरे लागतो.

कमाल शोधताना? व्हॉल्व्हच्या बाबतीत ० चालून जाईल, कारण तिथला दाब शून्याच्या खाली जाणार नाही. पण समजा आइस्क्रीमच्या कोल्ड रूमचं तापमान मोजताय. रीडिंग आहेत उणे २१, उणे १९, उणे १८. कमाल आली पाहिजे उणे १८. तुम्ही ० ने सुरुवात केलीत तर उत्तर येणार ०, कारण यातलं एकही रीडिंग ० पेक्षा मोठं नाही. जे तापमान खोलीत कधी नव्हतंच ते रिपोर्टमध्ये छापून येईल. किमान शोधताना उलटं. सगळी रीडिंग ३० च्या आसपास असली तरी किमान ० च दिसेल.

म्हणून कमालीसाठी सुरुवात उणे अनंतापासून आणि किमानासाठी अधिक अनंतापासून करायची. लॅबव्ह्यूत या दोन्हींचे कॉन्स्टंट तयार मिळतात. याचा आणखी एक फायदा आहे. एकही रीडिंग आलं नाही तर उत्तर उणे अनंत राहतं, आणि ते ६ पेक्षा कमी असल्यामुळे व्हॉल्व्ह आपोआप फेल होतो. काही मोजलंच नाही तर पास म्हणायचं नाही, हे सुरुवातीच्या व्हॅल्यूतच ठरून जातं.

हा शेवटचा मुद्दा जरा घट्ट धरून ठेवा. कारण पास-फेलचा बूलियन वापरताना तो उलटतो. समजा ‘प्रत्येक रीडिंग मर्यादेत असलं तरच पास’ असा नियम आहे. तेव्हा आपण अँड लावत जातो. सुरुवात फॉल्सने केली तर काहीही झालं तरी शेवटी फॉल्स, म्हणून ट्रू ने करावी लागते. पण फॉर लूप शून्य फेऱ्याही करू शकतो. सेन्सरची वायर निघाली, रीडिंगचा ॲरे रिकामा आला, लूप एकदाही फिरला नाही. मग शिफ्ट रजिस्टर काय देतं? जी सुरुवातीची व्हॅल्यू दिली होती, तीच बाहेर. म्हणजे ट्रू. म्हणजे पास! एकही मोजमाप न होता पास. अशा ठिकाणी रीडिंग किती आली हेही तपासायचं, शून्य असतील तर सरळ फेल.

कुठे जोडायची

लूपच्या आत लूप असला की तिसरा प्रश्न येतो. बाहेरचा लूप एकेक व्हॉल्व्ह घेतो, आतला लूप त्या व्हॉल्व्हची रीडिंग घेतो.

आतल्या लूपच्या शिफ्ट रजिस्टरला त्याच्या बाहेरून कॉन्स्टंट जोडलात, तर प्रत्येक नवीन व्हॉल्व्हला पाटी कोरी. आपल्याला तेच हवंय.

पण तीच वायर बाहेरच्या लूपच्या शिफ्ट रजिस्टरमधून आणलीत, आणि आतल्याचं उत्तर परत बाहेरच्याच्या उजव्या चौकोनात टाकलंत, तर आठवण व्हॉल्व्हमागून व्हॉल्व्ह पुढे जाते. पूर्ण लॉटमधली कमाल हवी असेल तर हे बरोबर आहे. एका व्हॉल्व्हचा निकाल हवा असेल तर हे चूक आहे.

आणि आतल्या लूपच्याही आत ० ठेवून त्यातच रीडिंग मिळवत बसलात, तर प्रत्येक फेरीला ० अधिक नवीन रीडिंग. आठवणच नाही. शेवटी फक्त शेवटचं रीडिंग हातात येतं.

नवीन मुलांचा गोंधळ होतो तो इथे. कॉन्स्टंट स्क्रीनवर किती लांब ठेवलाय यावर काही ठरत नाही. तो दोन्ही लूपच्या बाहेर ठेवून साध्या वायरीने आतल्या रजिस्टरला आणलात, तरी प्रत्येक व्हॉल्व्हला पाटी कोरीच होणार. वायर कोणत्या लूपच्या रजिस्टरला लागते, त्यावर सगळं ठरतं. तो लूप जितक्या वेळा सुरू होईल तितक्या वेळा ती व्हॅल्यू भरली जाईल.

लॅबव्ह्यूत फीडबॅक नोड नावाचा त्याचा एक भाऊपण आहे. काम तेच, मागची व्हॅल्यू देणं. पण त्याची सुरुवातीची व्हॅल्यू नोडच्याच खाली जोडलेली असेल, तर साधारणपणे ती एका रनमध्ये पहिल्या वेळीच वापरली जाते. आतला लूप दुसऱ्या व्हॉल्व्हसाठी परत सुरू झाला तरी पाटी पुसली जात नाही. त्यासाठी तो इनिशियलायझर लूपच्या कडेवर सरकवावा लागतो. राइट क्लिकमध्ये तसा पर्याय आहे. दिसायला किरकोळ गोष्ट, पण निकाल बदलतो.

मुद्दाम न पुसलेली पाटी

मग लॅबव्ह्यू बनवणाऱ्यांनी हे बंदच का नाही केलं? वायर नसेल तर एरर द्यायची, संपला विषय. कारण या न पुसलेल्या आठवणीचा छान उपयोगही होतो.

एक व्हाइल लूप घ्या जो एकदाच फिरतो. त्यावर इनिशियलाइझ न केलेलं शिफ्ट रजिस्टर. आत तीन कामं, मिटव, लिही, वाच. ही व्हीआय मोठ्या प्रोग्राममध्ये कुठूनही बोलवा, ती मागची व्हॅल्यू सांभाळून असते. याला फंक्शनल ग्लोबल म्हणतात. १९९० मध्ये आलेल्या लॅबव्ह्यू २ पासून ही पद्धत वापरात आहे, म्हणून जुने लोक अजून तिला ‘एलव्ही २ ग्लोबल’ म्हणतात. दोन ठिकाणांहून एकाच वेळी बोलावणं आलं तर एकजण थांबतो, पहिल्याचं झालं की दुसरा. त्यामुळे वाचून-वाढवून-लिहिण्याचं काम तिच्या आतच केलं तर मोजणी चुकत नाही. फक्त ती व्हीआय रीएन्ट्रंट करू नका. केलीत तर प्रत्येक ठिकाणाला स्वतःची वेगळी आठवण मिळू शकते, आणि मग सामाईक असं काही उरत नाही.

म्हणजे वायर न जोडणं ही स्वतःहून चूक नाही. ‘इथे मागचं लक्षात राहिलं पाहिजे’ असं ठरवून सोडली असेल तर ती रचना आहे. लक्षातच आलं नाही म्हणून सुटली असेल तर तो गळका व्हॉल्व्ह आहे. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात. म्हणून ठरवून सोडलीत तर शेजारी एक ओळ लिहून ठेवा, ‘मुद्दाम इनिशियलाइझ केलेलं नाही’. तुमच्यानंतर येणारा दुवा देईल.

फोनवालेही यातून सुटलेले नाहीत

स्क्रॅचमध्ये गेम बनवलात, स्कोअर ३४० झाला. हिरवा झेंडा परत दाबलात तर स्कोअर आपोआप शून्य होत नाही. मांजरसुद्धा जिथे थांबली होती तिथूनच निघते. प्रोजेक्ट सेव्ह केलं तर तो ३४० पण सेव्ह होतो. म्हणून झेंड्याच्या ब्लॉकखाली लगेच स्कोअर ० करायचा, आणि तो ब्लॉक ‘फॉरएव्हर’ लूपच्या वर ठेवायचा. लूपच्या आत ठेवलात तर स्कोअर वाढायला लागला की लगेच परत शून्य.

ॲप इन्व्हेंटरवर फोनचं ॲप बनवत असाल तर ग्लोबल व्हेरिएबलची सुरुवातीची व्हॅल्यू स्क्रीन सुरू होताना एकदाच भरली जाते. बटण दुसऱ्यांदा दाबलं म्हणून ती परत भरली जात नाही. आणि लोकल व्हेरिएबल लूपच्या आत ठेवलात तर प्रत्येक फेरीला नवा. भाषा बदलली, ब्लॉकचे रंग बदलले, प्रश्न तोच.

जाताजाता, करायच्या तीन गोष्टी

एक. प्रोग्राम बरोबर चालला म्हणून खूश होऊ नका. बंद न करता, तेच इनपुट देऊन लगेच दुसऱ्यांदा चालवा. उत्तर तेच आलं पाहिजे.

दोन. आधी चांगला नमुना द्या, मग मुद्दाम खराब द्या. खराबाला पास मिळाला तर समजा की आधीचा अजून आत बसलाय.

तीन. काहीच इनपुट न देता चालवून बघा. रिकाम्या टेबलवर हिरवा दिवा लागता कामा नये.

शंका आली तर लॅबव्ह्यूत बल्बचं चित्र असलेलं बटण आहे, ते दाबा. डेटा वायरींवरून हळूहळू सरकताना दिसतो. डाव्या चौकोनातून पहिल्या फेरीला काय बाहेर पडतंय ते डोळ्यांनी बघा.

तर मंडळी, आज एवढंच. तुमच्या कॉलेज प्रोजेक्टमध्ये असा एखादा लूप असेल तर आज उघडा, डावी कड तपासा, आणि काय सापडलं ते मला व्हॉइस नोट पाठवून सांगा. सेन्सरला शिव्या घालणारा एखादा मित्र असेल तर त्याला हा भाग नक्की पाठवा. पुढच्या वेळी भेटू, तोवर मजेत राहा!